विरंगुळा नको, वार्ता हवी

वृद्धांविषयी बोलू लागताच आपल्या समाजाची भाषा एकाएकी गोड होते. भाषा जेथे अशी अकारण गोड होते तेथे बहुधा काहीतरी नाकारले जात असते, असा आमचा अनुभव आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत ज्येष्ठ नागरिकांसाठी जी केंद्रे उभी राहिली त्यांना 'विरंगुळा केंद्र' असे नाव मिळाले. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. परंतु शब्दाकडे नीट पाहावे. विरंगुळा हा कामातून घ्यायचा असतो. ज्याला काम दिलेले नाही, ज्याच्या सांगण्यावाचून कोणाचे काही अडत नाही, त्याला दिवसभराचा विरंगुळा देऊ करणे म्हणजे 'तुमचे संपले' हे सभ्य शब्दांत सांगणे होय. कॅरम, वर्तमानपत्रांची चळत, भजनाची पेटी आणि वर्षातून एकदा शाल-श्रीफळ एवढ्यावर साठीनंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची सोय लावून आपण मोकळे होतो.

अलीकडे या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे ज्येष्ठांसाठी मोबाइल छायाचित्रणाच्या आणि 'आपली गोष्ट सांगा' धर्तीच्या कार्यशाळा. या कल्पनेला आमचा विरोध नाही. उलट वृद्धांना वस्तीच्या पत्रकारितेचे आणि छायाचित्रांतून कथन करण्याचे रीतसर शिक्षण मिळावे, असेच आमचे म्हणणे आहे. आमची तक्रार आहे ती या शिक्षणाचा खेळ करून टाकण्याच्या वृत्तीविषयी.

प्रस्तुत लेखाचे निमित्त तसे लहान आहे. नागपुरात लकडगंज परिसरात अशाच एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला आम्ही गेलो होतो. आयोजक कोण होते हे येथे महत्त्वाचे नाही. वीसेक मंडळी जमली होती. प्रशिक्षक तरुण होते, उत्साही होते आणि मनाने चांगले होते. ते सर्वांना सरसकट 'आजी-आजोबा' म्हणत होते. त्यांनी फूल कसे टिपावे, सूर्यास्त कसा टिपावा, नातवंडाचे हसू कसे टिपावे हे शिकवले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने काढलेले एक छायाचित्र भिंतीवर लावायचे होते. टालीवर चाळीस वर्षे मुनिमी केलेल्या एका गृहस्थांनी बंद पडलेल्या आरा मशीनच्या फाटकाचे आणि त्यावरील कुलपाचे छायाचित्र आणले. प्रशिक्षक हसून म्हणाले, "काका, यात सुंदर काय आहे?" काका म्हणाले, "सुंदर नाहीच. पण हे कुलूप कोणत्या दिवशी लागलं अन् त्या दिवशी किती माणसं घरी गेली, ते मले माहीत आहे." त्यांना पुढे कोणी काही विचारले नाही. भिंतीवर त्यांचे जे छायाचित्र लागले ते घरच्या जास्वंदीचे होते.

त्या कार्यशाळेत एकमेव बातमी त्या गृहस्थांपाशी होती आणि ती ऐकून घेण्याची पद्धतच तेथे कोणी ठरवलेली नव्हती. आमच्या मते सारा प्रश्न येथे आहे.

लकडगंज हे नावच धंद्याचे नाव आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान बल्लारपूरच्या बाजूने नागपुरात यावे, टालींवर रचले जावे, आरा मशीनवर चिरले जावे आणि चौखटी, दारे, पलंग होऊन देशभर जावे, अशी या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांनी येथे धंदा वाढवला. कच्छी विसा मैदान हे नाव आजही त्याची साक्ष देते. त्यांच्या टालींवर मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारे हमाल, चिराईवाले, सुतार राबले. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यातले सागवान नागपूरहून गेल्याचे मोठ्या अभिमानाने छापून आले. आम्ही वाचलेल्या बातम्यांत लाकूड होते. ते मोजणारा, चिरणारा आणि खांद्यावर उचलणारा माणूस त्यांत आम्हांला आढळला नाही.

या बाजारावर गेल्या तीस वर्षांत काय काय कोसळले याचा हिशेब पाहावा. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जो आदेश दिला त्याने 'वन' या शब्दाचा अर्थ व्यापक केला आणि केंद्राच्या पूर्वपरवानगीविना वनक्षेत्रांत चाललेली वनेतर कामे थांबवली. त्यांत आरागिरण्यांचा उल्लेख स्पष्ट होता. देशभरच्या लाकूडधंद्याची घडी त्यानंतर बदलली. परदेशी ओंडके येऊ लागले, आणि १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच बंद केली. तोवर घराघरांत लोखंडी चौखटी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि तयार फर्निचर येऊन बसले होते. सेंट्रल अव्हेन्यूवरून मेट्रो धावू लागली ती ११ डिसेंबर २०२२ रोजी. टेलिफोन एक्स्चेंज आणि आंबेडकर चौक ही स्थानके लकडगंजकरांच्या दारात आली आणि जागेचे भावही बदलले. हे सारे कोठे ना कोठे नोंदलेले आहे: न्यायालयीन निकालपत्रांत, व्यापाराच्या आकडेवारीत, उद्घाटनाच्या कोनशिलांवर. यांतील प्रत्येक घटनेचा एका टालीवरच्या रोजीवर कोणता परिणाम झाला, कोणाच्या मुलाची शाळा सुटली, कोणी धंदा बदलला, कोण गावी परतले, ही नोंद मात्र सत्तरीतल्या आणि ऐंशीतल्या माणसांच्या स्मरणात आहे. ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. पुढच्या दहा वर्षांत ही नोंद झाली नाही तर मग ती कधीच होणार नाही.

नागपूरकरांना याचा एक धडा पूर्वी मिळाला आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. या शहराचे मध्यमवर्गीय आणि कामगारवर्गीय जीवन घडवण्यात तिचा मोठा वाटा होता. गिरणी संपली आणि तिच्या जागेवर आज त्याच नावाचा मॉल उभा आहे. मुंबईच्या गिरणगावाला निदान मीना मेनन आणि नीरा आडारकर भेटल्या. गिरणी कामगारांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या तोंडून ऐकलेला इतिहास त्यांनी २००४ साली ग्रंथरूपाने पुढे आणला. तसे भाग्य प्रत्येक वस्तीला लाभत नाही आणि संशोधकांची वाट पाहत बसणे हा उपायही नाही. वस्तीतल्या माणसांनी स्वतः लेखणी आणि कॅमेरा हाती घेणे हाच त्यावर उपाय आहे.

कोणी म्हणेल, हा तर इतिहासलेखनाचा प्रश्न झाला. यात पत्रकारिता कोठे आली? आमचे उत्तर असे की आजची बातमी कळायलाही कालची माहिती लागते. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले. जुन्या रस्त्यावर नवा थर चढत गेला आणि अनेक घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले. पावसाचे पाणी घरात शिरू लागले. तरुण वार्ताहर येतो, गुडघाभर पाण्याचे छायाचित्र घेतो आणि जातो. त्या घरातल्या म्हातारीला ठाऊक असते की १९८० च्या दशकात उंबऱ्यापर्यंत जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. मग दोन उरल्या, मग एक, आणि आता उतरून जावे लागते. तिने अंगणात काढलेले जुने लग्नाचे छायाचित्र आणि त्याच जागेवरून काढलेले आजचे छायाचित्र शेजारीशेजारी ठेवले, खाली तारीख आणि पायऱ्यांची संख्या लिहिली, तर महापालिकेतल्या कोणत्याही अभियंत्याला त्यावर उत्तर देणे भाग पडेल. छायाचित्रांतून कथन म्हणतात ते हेच आहे. त्यासाठी सूर्यास्ताची गरज नाही.

शिवाय मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे नागपूर महापालिकेत लोकनियुक्त नगरसेवक नव्हते, प्रशासकांचा कारभार होता, हे विसरू नये. गडरलाइन तुंबली, पथदिवा बंद पडला, नळाला गढूळ पाणी आले, तर जाब विचारायला हक्काचे माणूस नव्हते. अशा काळात वस्तीची वार्ता नोंदवणारे दहा निवृत्त वार्ताहर प्रत्येक प्रभागात असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, नाही मिळाले तर पहिले अपील. या कामाला जे दोन गुण लागतात ते म्हणजे कागद जपून ठेवण्याची सवय आणि कार्यालयात बसून राहण्याची चिकाटी. निवृत्त कारकून, शिक्षक, पोस्टमन, मुनीम यांच्याजवळ हे दोन्ही गुण जन्मभराच्या कमाईचे असतात. आपण त्यांना त्या बदल्यात कॅरम देतो.

आता अधिक गंभीर गोष्टीकडे येऊ. १७ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या महाल परिसरात हिंसाचार उसळला. समाजमाध्यमांतून पसरलेल्या अफवेचा त्यात वाटा होता, असे सरकारने आणि पोलिसांनी सांगितले. त्यानंतर शहरातील ज्या पोलीस ठाण्यांच्या हद्दींत संचारबंदी लागली त्यांत लकडगंजही होते. त्या दिवसांत घराघरांतले फोन कसे वाजत होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. जुनी छायाचित्रे नव्या नावाने, एका गावची चित्रफीत दुसऱ्या गावच्या नावाने, 'खात्रीलायक' म्हणून पुढे ढकलली जातात. घरातली तरुण मंडळी म्हणतात, "बाबा ग्रुपवर काहीही पाठवतात." म्हणून हसायचे आणि बाबांचा फोन लपवायचा. आमचा साधा प्रश्न आहे: बाबांना पडताळणी कोणी शिकवली होती? ज्यांच्या तारुण्यात छापील शब्द संपादकाच्या नजरेखालून येत असे, त्यांनी छापील दिसणाऱ्या शब्दावर विश्वास ठेवला, तर तो केवळ भाबडेपणा नव्हे. जगण्याची ती एक जुनी, त्या काळी योग्य ठरलेली सवय आहे. ती बदलायची तर वार्ताहराचे शिक्षण द्यावे लागते. ज्याने स्वतः एकदा छायाचित्राखाली 'कोणी, कोठे, केव्हा' लिहिले आहे, तो दुसऱ्याच्या छायाचित्राखाली या तीन गोष्टी नसल्या की थबकतो. अफवेवर याहून टिकाऊ उपाय आम्हांला तरी ठाऊक नाही. संचारबंदीपेक्षा तो स्वस्तही आहे.

हे काही परदेशातून आणायचे खूळ आहे, असेही कोणी समजू नये. मराठीत याला मोठी परंपरा आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. 'स्मृतिचित्रे' ग्रंथरूपाने येऊ लागले १९३४ साली. रीतसर शाळा न लाभलेल्या, साठी ओलांडलेल्या बाईने मराठी गद्याला जे दिले ते अनेक पदवीधरांना देता आले नाही. पुस्तकाच्या नावातच 'चित्र' हा शब्द आहे, हेही लक्षात घ्यावे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांचे शब्द घरच्यांनी टिपून ठेवले म्हणून १९५२ साली ते महाराष्ट्रापर्यंत पोहोचले. येथे नागपुरातच वसंत मून यांनी 'वस्ती' लिहिले. १९९५ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा मून साठी ओलांडून गेले होते. नागपुरातल्या एका दलित वस्तीचे, तिथल्या माणसांचे, चळवळीचे, खेळांचे, भांडणांचे इतके बारीक वार्तांकन त्यापूर्वी कोणत्या वर्तमानपत्राने केले होते? त्याआधी १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले. त्यांतल्या अनेकजणी तोवर वृद्ध झाल्या होत्या. त्या बोलल्या नसत्या तर तो इतिहास पुरुषांच्या भाषणांपुरताच उरला असता. ही वस्तीची पत्रकारिता आहे आणि ती मराठीत, विदर्भाच्या मातीत झालेली आहे.

पूर्व नागपूरला तर सार्वजनिक टीका मुळीच नवी नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतींच्या मिरवणुकीत जे बडगे निघतात, ते दुसरे काय आहेत? महागाई, भ्रष्टाचार, पुढाऱ्यांची लबाडी यांचे पुतळे करून भर रस्त्याने मिरवायचे आणि जाळायचे, ही रीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. वर्षातून एक दिवस जी वस्ती एवढी निर्भीड होऊ शकते, ती उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गप्प का असावी?

जगाचा दाखला हवाच असेल तर तोही आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. स्वतःच्या जगण्यातले जे दाखवावेसे वाटते ते दाखवा, मग एकत्र बसून त्यावर बोला, आणि ते बोलणे निर्णय घेणाऱ्यांपर्यंत न्या, असे त्या पद्धतीचे तीन टप्पे होते. पुढे ती 'फोटोव्हॉइस' या नावाने जगभर गेली. आपल्याकडच्या कार्यशाळा या तीन टप्प्यांतला पहिलाच उचलतात. चर्चेच्या जागी टाळ्या येतात आणि निर्णय घेणारे आलेच तर दीपप्रज्वलनासाठी येतात.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या स्त्रिया गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरे गिरवू लागल्या. उपक्रम आदरास पात्रच आहे. त्या शाळेची छायाचित्रे जगभर गेली. परंतु ती पाहताना आमच्या मनात दरवेळी एकच गोष्ट येते: म्हातारी माणसे आपल्याला चौकटीत फार आवडतात. सुरकुत्यांचे छायाचित्र स्पर्धेत बक्षीस मिळवते. त्या सुरकुत्यांमागचे डोळे काय पाहतात, ते चौकट कोठे लावतील, हे पाहण्याची उत्सुकता आपल्याला त्या मानाने कमी असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की वृद्धांची स्मरणशक्ती भरवशाची नसते. मान्य. तरुणांचीही नसते, फरक एवढाच की तरुणांना कोणी तसे तोंडावर सांगत नाही. स्मरणशक्ती भरवशाची नसते म्हणूनच पडताळणीचे शास्त्र निर्माण झाले. आठवणीला वहीखाते, भाडेपावती, वीजबिल, हजेरीपुस्तक, रेशनकार्ड, जुन्या छायाचित्रामागचा स्टुडिओचा शिक्का यांचा आधार शोधायला शिकवावे. जेथे आधार मिळत नाही तेथे 'असे मला आठवते' असे लिहायला शिकवावे. एवढे झाले की आठवण आणि माहिती वेगळ्या होतात.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. वृद्धांच्या मनांत जातीचे, धर्माचे, बायकांविषयीचे जुने पूर्वग्रह घट्ट बसलेले असतात. त्यांच्या हाती माध्यम दिले तर तेच छापून येतील. हे आम्ही नाकारत नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही स्वतः जे ऐकले आहे ते येथे लिहिण्याजोगे नाही. परंतु म्हणूनच हे शिक्षण शिस्तीचे हवे. टालमालकाची गोष्ट हमालाला विचारल्याशिवाय पुरी होत नाही, हिंदू मोहल्ल्यातली वार्ता मुस्लिम मोहल्ल्यात जाऊन विचारल्याशिवाय छापायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा. सत्तर वर्षांचा माणूस पलीकडच्या ओळीतल्या सत्तर वर्षांच्या माणसासमोर वही घेऊन बसतो, तेव्हा पूर्वग्रह नाहीसा होतो असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याला निदान प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर ऐकून घ्यावे लागते. गटावर संदेश ढकलताना हे दोन्ही करावे लागत नाही.

तिसरा आक्षेप व्यावसायिक पत्रकारांचा आहे. फुकटात बातम्या देणारी फौज उभी राहिली तर आमच्या पोटाचे काय? हा आक्षेप आम्ही सर्वांत गंभीर मानतो. 'नागरिक पत्रकार' या गोंडस नावाखाली वाचकांकडून मजकूर आणि छायाचित्रे विनामूल्य घेण्याची रीत माध्यमांत पडली, तिचा आम्ही निषेधच करतो. म्हणून आमची मागणी अशी, की वृद्ध वार्ताहरालाही मानधन मिळाले पाहिजे, त्याच्या छायाचित्राखाली त्याचे नाव आले पाहिजे आणि छायाचित्राचा हक्क त्याचाच राहिला पाहिजे. 'त्यांना पैशाची काय गरज, तेवढाच वेळ जातो' असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू, की वेळ जाण्यासाठी म्हणून तुम्ही स्वतः कोणते काम फुकट करता?

शिक्षण कसे असावे हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणेही एक विरंगुळाच ठरेल. दोन दिवस पुरणार नाहीत. निदान बारा आठवडे हवेत. आठवड्यातून दोन सकाळी, दोन-दोन तास. माणसे जोडीने काम करतील, कारण एकाला ऐकू कमी येते तर दुसऱ्याला दिसते कमी. फोनची अक्षरे मोठी करणे, आवाजाच्या बटणाने छायाचित्र घेणे, हात थरथरत असेल तर भिंतीला किंवा खांबाला टेकून उभे राहणे, मूळ फाइल जपून ठेवणे आणि गटावर पाठवताना ती दस्तऐवज म्हणून पाठवणे, हे पहिल्या तीन आठवड्यांत यावे. त्यानंतरचे तीन आठवडे केवळ ओळी लिहिण्याचे: छायाचित्रात कोण आहे, कोठे, केव्हा, कोणी काढले, आणि यात जे दिसत नाही ते काय. पुढचे तीन प्रश्न विचारण्याचे आणि संमतीचे. कोणाचे छायाचित्र न विचारता घेऊ नये, दुकानातल्या पोराचे तर मुळीच नाही, आणि कोणी 'नाही' म्हटले तर वाद घालू नये. शेवटच्या तीन आठवड्यांत माहिती अधिकाराचा अर्ज, बदनामीचा कायदा, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि चूक झाल्यास दुरुस्ती छापण्याची रीत. दुरुस्ती छापायला लागणे हे कमीपणाचे नाही, हे ज्येष्ठांना पटवणे सर्वांत कठीण जाईल, असा आमचा अंदाज आहे. घरात कोणी त्यांची चूक काढत नाही, किंवा मग प्रत्येक गोष्टीत काढतात. दोन्हींत त्यांना कोणी गंभीरपणे घेतलेले नसते.

आणखी एक गोष्ट. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढची माणसे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक निरक्षर होती. तेव्हा 'लिहिता येणाऱ्यांसाठीच' असे शिक्षण ठेवले तर हमाल बाहेर राहील, मुनीम आत येईल. त्याहूनही अधिक म्हणजे बायका बाहेर राहतील. लकडगंजच्या बायकांनी ओंडके चिरले नसतील. पण आरा मशीनचा भुसा पोत्याने घरी आणून, शेगडीत ठासून, त्यावर भाकरी कोणी भाजली? पोत्याचा भाव केव्हा किती होता, भुसा मिळेनासा झाला तेव्हा चुलीत काय गेले, गॅस कधी आला, हे त्या सांगतील तेव्हा लाकूडबाजाराचा चढउतार चुलीपासून समजेल. त्यांनी बोलावे, दुसऱ्याने लिहावे, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवून त्यांची मान हलल्यावरच ते पुढे जावे. बहिणाबाईंचे शब्द टिपून घेणारे घर मराठीला लाभले. तसे टिपून घेणारे वर्ग आता मुद्दाम उभे करावे लागतील.

हे सारे खर्चिक नाही. ज्येष्ठ नागरिक संघांजवळ जागा आहे, वाचनालयांजवळ खुर्च्या आहेत, फोन बहुतेकांच्या खिशात आहे. पत्रकारितेचे विद्यार्थी शिकवायला येतील आणि शिकूनही जातील. कमी आहे ती तयारीची. कारण वृद्धांना विरंगुळा दिला तर ते आभार मानतात. वार्ता लिहायला शिकवले तर ते प्रश्न विचारतील. ते नगरसेवकाला विचारतील, ठेकेदाराला विचारतील, ज्या मंडळाने शाल दिली त्याच्या जमाखर्चालाही विचारतील आणि घरी येऊन मुलालाही विचारतील. त्या प्रश्नांची आपल्याला भीती वाटते, म्हणून आपण त्यांच्या हाती जास्वंदीचे फूल देतो.

कुलपाचे छायाचित्र घेऊन आलेले ते गृहस्थ अजून लकडगंजातच राहतात. ते कुलूप कोणत्या दिवशी लागले आणि त्या दिवशी किती माणसे घरी गेली, हे त्या दुपारी आम्हीही त्यांना विचारले नव्हते. आम्ही त्या खोलीत होतो, हाती वही होती, आणि तरीही चहाच्या गडबडीत ते राहून गेले. इतरांवर ठेवलेला दोष त्यामुळे आमच्याही वाट्याला येतो. हा लेख लिहून झाल्यावर आम्ही प्रथम त्यांच्याकडे जाणार आहोत. वाचकांनीही आपापल्या वस्तीतल्या एखाद्या बंद फाटकासमोर उभे राहून कोणा म्हाताऱ्या माणसाला तारीख विचारावी, आणि ते सांगतील ती त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावी.